खाणावळीतले अद्भुत

पाश्चात्त्य अद्भुतिका वाचणाऱ्यांच्या ओळखीची एक जागा असते. मुलुखाच्या टोकावरचे गाव, पलीकडे अरण्य, बाहेर पाऊस आणि आत शेगडीच्या उबेत चाललेली खाणावळ. टोल्किनच्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग'मधले (१९५४) ब्री गाव आणि तिथली 'प्रान्सिंग पोनी' हे तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप. माणसे आणि बुटके हॉबिट तिथे एकाच छपराखाली खातात-पितात. रानावनातून भटकत आलेल्या परक्यालाही कोपऱ्यात जागा मिळते.

मराठीत असे काही लिहू पाहणाऱ्याला ही खाणावळ जशीच्या तशी उचलण्याचा मोह होईल. माझे म्हणणे असे की, राक्षस, मंत्र, बोलणारी झाडे हे सारे मराठीत सहज सामावेल. अडेल ती नेमकी खाणावळ. आपल्या लोककथेतला राजपुत्र परक्या नगरीत आला की वेशीजवळच्या एखाद्या म्हातारीकडे किंवा माळणीकडे उतरतो. चारचौघांत बसून जेवायचे म्हटले की 'कोण, कुठला' हा प्रश्न आलाच. आणि तो केवळ कुतूहलाचा नसे. कुणाच्या हातचे कुणाला चालते, यावर जिथे गावाची रचना उभी होती, तिथे सर्वांना खुले असलेले जेवणाचे मेज हेच खरे अद्भुत.

याचा विचार करताना मला वर्धा जिल्हा आठवतो. तिथे वर्षानुवर्षे दारूबंदी आहे, म्हणजे 'प्रान्सिंग पोनी'तली पिंपे आधीच बाद. पण मेजाचा प्रश्न या जिल्ह्याने गंभीरपणे हाताळला आहे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने अस्पृश्यांना खुले झाले. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला आले (पुढे १९४० साली त्याचे 'सेवाग्राम' झाले) आणि तिथल्या आश्रमात जात न पाहता पंगत बसू लागली. जेवण अळणी, उकडलेले; चवीच्या बाबतीत कुठल्याही कादंबरीतली खाणावळ तिला हरवील. पण १९३९ साली कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री तिथे आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुटी बांधली गेली आणि गांधीजींनी स्वतः त्यांना मालिश केले. ज्याला कुणीच दारात उभे करणार नाही, असा पाहुणा आला की घराची उब कळते.

तरीही आश्रम म्हणजे खाणावळ नव्हे. आश्रमात माणूस कुणाच्या तरी करुणेने बसतो. खाणावळीत तो पैसे मोजून, हक्काने बसतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. एका देशाच्या मूलभूत कायद्याला चहाच्या दुकानाची दखल घ्यावी लागली, यातच आपल्या खाणावळीचा सारा इतिहास आला. एरवी वेगळी ठेवलेली कपबशी आपल्या दलित आत्मकथनांत इतकी खोल का रुतून बसली असती?

सीमेवरचे गाव शोधायला मराठी लेखकाने फार लांब जाण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यात बोर अभयारण्य आहे. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. त्या रानाच्या कडेला एक खाणावळ कल्पावी. चुलीवर भाकरी, ताटात झुणका, जवसाची चटणी, वडाभात. बाहेर वाघाचा वावर. उब आपोआप येईल. पण त्या मेजाशी पहिल्यांदा कोण बसले, तेव्हा कोण उठून गेले आणि मालकिणीने तरीही ताट कसे वाढले, हे त्या कथेत असायला हवे. ते गाळले तर उरेल ती परदेशी शेकोटीची नक्कल. ते आले, तर वाचकाला वाघापेक्षा त्या ताटाची धास्ती अधिक वाटेल, आणि रिकामे झालेले ताट पाहून होणारा आनंदही आपल्या मातीतला असेल.