शिवाजी म्हणतो

चित्त एकाग्र कसें करावें, हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षां त्यांच्या पालकांनाच हल्लीं अधिक भेडसावतो. सहामाही परीक्षेनंतर प्रगतिपुस्तक नेण्यास आलेले आईबाप बहुधा एकच तक्रार करितात : "मुलगा हुशार आहे, सर, पण त्याचें लक्ष लागत नाहीं." आणि लागलीच विनंती येते : "खेळाच्या तासालाही त्याच्याकडून गणितेंच करवून घ्या." रोग व औषध यांची ही जोडी मला चुकीची वाटते.

पावसाळ्यांत मैदानावर पाणी सांचलें म्हणजे मुलें वर्गांतच "शिवाजी म्हणतो" हा खेळ खेळतात. इंग्रज मुलें तोच सायमनच्या नांवानें खेळतात. आपल्याकडे आज्ञा महाराजांची! "शिवाजी म्हणतो, हात वर" असें म्हटलें कीं हात वर करावयाचे. नुसतें "हात खालीं" म्हटल्यावर जो हात खालीं करील तो बाद. खेळ पोरकट दिसतो खरा, पण त्यांत टिकतो कोण तें पाहावें. चपळ मुलगा पहिल्याच मिनिटांत बाद होतो, आणि सर्वांचे हात खालीं आले असतां ज्याचा एकट्याचा वर राहतो तो जिंकतो. लक्ष देणें म्हणजे डोळे ताणून एकीकडे पाहणें एवढेंच नव्हे. पुढें धांवूं पाहणाऱ्या हाताला व जिभेला क्षणभर थोपविणें हा त्याचा मोठा भाग आहे. "पुढीलपैकीं असत्य विधान कोणतें?" या प्रश्नास जो घाईनें सत्य विधान लिहून येतो, त्याला अभ्यास येत नव्हता असें थोडेंच आहे?

खो-खोंत हेंच मोठ्या प्रमाणावर दिसतें. नेहमीच्या खेळांत आठ गडी रांगेनें, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून बसतात आणि नववा पाठलाग करितो. बसलेल्यानें पळणाऱ्याचा माग डोळ्यांनीं व कानांनीं ठेवावयाचा, पण पाठीवर थाप व कानीं "खो" पडेपर्यंत उठावयाचें नाहीं. आधीं उठला तर चूक. उशिरां उठला तर गडी निसटला! जानेवारी २०२५ मध्यें नवी दिल्ली येथें झालेल्या पहिल्या विश्वचषकांत भारताच्या दोन्ही संघांनीं नेपाळवर विजय मिळविला, तेव्हां प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. त्यांच्या पायांचें कौतुक पुष्कळ झालें. त्यांच्या बसून राहण्याचेंही व्हावयास हवें होतें.

कोणी म्हणेल, "आमचा मुलगा मोबाइलवर दोन दोन तास खेळतो, मग तोही एकाग्रच कीं!" मला तसें वाटत नाहीं. तेथें मुलगा लक्ष धरीत नसून खेळानेंच त्याला धरून ठेविलेलें असतें. हातांतला मोबाइल काढून घेतांच तो किती बेचैन होतो, त्यावरून हें कळावें.

आतां एक आक्षेप मला मान्यच केला पाहिजे. २०१० सालीं ॲड्रियन ओवेन या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं बी.बी.सी.च्या साहाय्यानें ११,४३० प्रौढांकडून सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ करवून घेतले. लोक त्या खेळांत तरबेज झाले. इतर कामांत मात्र त्याचा उपयोग दिसला नाहीं. तेव्हां खेळांतलें लक्ष आपोआप भूमितीकडे चालत येत नाहीं. त्याला हात धरून तेथें न्यावें लागतें. सातवींतली एक मुलगी "शिवाजी म्हणतो"मध्यें नेहमी बाद होई. "कोठें चुकलीस?" असें मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "शेजारणीचा हात खालीं गेला, म्हणून माझाही गेला." मग मीं तिची गणिताची वही उघडली. आधींच्या गणिताची रीत तिनें पुढच्यालाही लाविली होती. क्षणभर पाहून ती स्वतःच म्हणाली, "सर, येथेंही मीं शेजारणीकडेच पाहिलें."

वर्तकनगरांत म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागीं मनोरे उभे राहिले आणि अंगणें मोटारींनीं भरलीं, म्हणून खेळाचा तास राखणें आतां अधिकच जरूर झालें आहे. घरींही एक खेळ जमण्याजोगा आहे. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या "किम" (१९०१) या कादंबरींत तो आला, आणि तेथून बेडन-पॉवेल यांनीं बालवीरांसाठीं घेतला. ताटांत सांडशी, पळी, किल्ली, बटण अशा वीस वस्तू मांडाव्या, मिनिटभर पाहाव्या, वर फडकें टाकावें आणि आठवतील तितक्या लिहाव्या.

एका पालकांना मीं हें सुचविलें होतें. पुढच्या भेटींत ते जरा ओशाळून म्हणाले, "सर, तिला चौदा आठवल्या, मला सात. त्या एका मिनिटांत माझा हात दोनदां खिशांतल्या मोबाइलकडे गेला. आणि तो वाजलाही नव्हता."