चाळीतला कांदा, मनातला आकडा

निफाडच्या शाखेत असताना शेतकरी मला घरची सारी देणी सांगत. पण चाळीत कांदा किती, हे शेजाऱ्यालाही कळू देत नसत. साठा कळला की भाव पडेल, ही धास्ती. तालुक्याची बेरीज सर्वांना हवी, आपला आकडा मात्र द्यायचा नाही! ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, तेव्हा मला हीच बेरीज आठवली.

अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये विचारले होते : आपली संपत्ती न सांगता दोन लक्षाधीशांना श्रीमंत कोण हे कळेल काय?

साधी रीत पाहा. पहिला शेतकरी मनातला एक मोठा आकडा आपल्या साठ्यात मिळवून दुसऱ्याच्या कानात सांगतो. प्रत्येक जण आपला साठा मिळवून पुढे सांगतो. शेवटी पहिला तो मनातला आकडा वजा करतो. बेरीज निघाली, गुपित राहिले. पण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी संगनमत केले तर मधला उघडा पडतो!

म्हणून नुसती युक्ती पुरत नाही, सिद्धता लागते. कसोटी अशी : फितुरांना जे दिसले, ते त्यांना स्वतःचे आकडे आणि अखेरची बेरीज यांवरून घरबसल्या रचता आले असते काय? आले असते, तर जास्तीचे काही फुटले नाही.

डेन्मार्कात २००८ मध्ये सुमारे १२०० बीट-उत्पादकांच्या सौद्यात एकाचीही बोली उघड न होता भाव ठरला.

बँकेत आम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करीत असू. तो भरवसा माणसावर होता, हा गणितावर आहे. मात्र आत घातलेला आकडाच खोटा असेल, तर कोणती सिद्धता काय करणार?