हॉकीत गोल मोजायचे की प्रयत्न?

शिक्षक मित्रांनो, शीर्षक वाचून तुमच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आले असतील. पण आज बोलायचंय ते आइस हॉकीबद्दल. कॅनडा-अमेरिकेत एनएचएल नावाची व्यावसायिक लीग आहे, तिथली ही बर्फावरची हॉकी. (आपल्याकडे लडाखमध्येही हिवाळ्यात खेळतात.) शेकडेवारी शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

या खेळात गोलरक्षक धरून एका संघाचे 6 जण बर्फावर असतात. दमछाक इतकी की खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाहेर येतो, दुसरा आत जातो. मग चांगला कोण खेळला हे ठरवायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे प्लस-मायनस. दोन्ही बाजूंचे खेळाडू समसमान असताना तुमच्या संघाने गोल केला आणि तुम्ही तेव्हा बर्फावर असलात, तर +1. गोल झाला तर −1. तुम्ही चेंडूला, म्हणजे इथे चकतीला, स्पर्शही केला नसला तरी! गोलरक्षकाने ढिलाई केली, तरी वजा पाचही जणांच्या नावावर.

शिवाय गोल होतात किती? दोन्ही संघांचे मिळून सामन्याला साधारण सहा. एवढ्याशा संख्येत नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

आता हे आपल्याकडे लावून बघा. वाडीवरच्या शाळेत वर्गाचा पट 4. शिष्यवृत्ती परीक्षेत एक मूल अपात्र ठरलं की निकाल 75 टक्के. गावातल्या शाळेत पट 40, तिथेही एकच मूल अपात्र, पण निकाल 97.5 टक्के. आणि या दोन आकड्यांवरून दोन गुरुजींची तुलना होते! मला हे प्लस-मायनसपेक्षा वेगळं वाटत नाही.

हॉकीवाल्यांनी यावर उपाय शोधला. टिम बार्न्स नावाच्या एका हौशी अभ्यासकाने गोलऐवजी गोलच्या दिशेने मारलेले सगळे फटके मोजायला घेतले. गोलात गेलेले, गोलरक्षकाने अडवलेले, बाजूने गेलेले, मध्येच कुणाच्या अंगावर आदळलेले, सगळे. नाव दिलं कोर्सी. जिम कोर्सी हे बफेलो संघाचे गोलरक्षक प्रशिक्षक, गोलरक्षकावर किती ताण पडतो हे ते असं मोजायचे. (त्यांच्या मिशा आवडल्या म्हणून ते नाव दिलं, असंही सांगतात.) एखादा खेळाडू बर्फावर असताना आपले फटके 55, समोरच्यांचे 45, तर त्याची कोर्सी 55 टक्के. सातवीचं मूल करेल असं गणित! फटके गोलांच्या कितीतरी पट जास्त होतात, म्हणून नशिबाचा वाटा कमी होतो.

याचा उपयोग होतो का? कोलोरॅडो अव्हलांचचं उदाहरण घ्या. 2013-14 मध्ये 112 गुण मिळवून हा संघ आपल्या विभागात पहिला आला. पण फटक्यांतला त्यांचा वाटा निम्म्याहून कमी होता. समोरचे जास्त फटके मारत होते आणि यांचा गोलरक्षक सेमियन वार्लामोव जवळजवळ 93 टक्के अडवत होता. आकडेवाले म्हणत होते, हे टिकायचं नाही. पुढच्या हंगामात संघ 90 गुणांवर आला, विभागात शेवटचा.

पण कोर्सीलाही डोळे झाकून मानू नका. मागे पडलेला संघ जिवावर उदार होऊन फटके मारत सुटतो, आघाडीवरचा सांभाळून खेळतो. म्हणजे हरणाऱ्याची कोर्सी फुगते! चांगले अभ्यासक म्हणून बरोबरीच्या स्थितीतले फटके वेगळे काढतात. लांबून मारलेला फटका आणि गोलसमोरून मारलेला फटका यांनाही सारखं वजन देत नाहीत. आणखी एक गोष्ट बघतात, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: खेळाडूला सुरुवात कुठून करायला लावली? स्वतःच्या गोलजवळून की समोरच्याच्या?

बोस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन बघा. 2023 मध्ये निवृत्त झाला. गोल आणि गोलला मदत मिळून एकाही हंगामात त्याचे 80 गुण झाले नाहीत. नुसती गुणांची यादी बघणारा त्याला पहिल्या पंगतीत बसवणार नाही. प्रशिक्षक मात्र त्याला कितीतरी वेळा आपल्याच गोलजवळून सुरुवात करायला उतरवत, तेही समोरच्या तगड्या खेळाडूंविरुद्ध. तरीही तो बर्फावर असताना फटके जास्त बोस्टनचेच. बचाव करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याने 6 वेळा जिंकली, तो विक्रम आहे.

कोणत्या शिक्षकाला वर्ग कुठल्या पातळीवर मिळाला, हे आपल्या निकालपत्रकाच्या कुठल्या रकान्यात लिहितात? ऊसतोडीला जाऊन मार्चमध्ये परतलेलं मूल आणि बालवाडीपासून शिकवणी लावलेलं मूल तिथे एकाच ओळीत असतात. पुढच्या शिक्षण परिषदेत निकालाची टक्केवारी वाचून दाखवली जाईल, तेव्हा एवढा एक रकाना वाढवा म्हणून मी लेखी मागणी करणार आहे. तुमच्या केंद्रात कुणी करणार असेल तर खाली कळवा.