जपानी वाचायला शिकताय? मग आधी रोमाजी सोडा!

जपानी शिकायला किती वेळ लागतो, हे नेटवर शोधलं की एक आकडा हमखास समोर येतो : २,२०० तास. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतल्या प्रशिक्षण संस्थेचा हा अंदाज, आणि तोही इंग्रजी भाषकांसाठी! पण आपली मुलं तो वाचून घाबरतात आणि शिकतातही इंग्रजीच्याच वाटेनं, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या जपानीतून. तिला रोमाजी म्हणतात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मीही तेच केलं. दोन महिन्यांत पन्नासेक वाक्यं पाठ झाली, पण साधी पाटी वाचता येईना.

रोमाजीत इंग्रजी वळणाची जीभ फसते. 'किते' म्हणजे 'ये' आणि 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. 'ओबासान' म्हणजे मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी! मराठी कानाला हे फरक सहज कळतात. तरी आपण 'टोकियो' लिहितो (हो, आमच्या बातम्यांतही). मूळ उच्चार 'तोओक्योओ'च्या जवळचा आहे.

त्यापेक्षा थेट हिरागाना गिरवा. मूळ अक्षरं ४६. क्रम बघा : आ, इ, उ, ए, ओ; मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, तिच्या वर्णक्रमातून तो आला. 'कि'पुढे छोटा 'यो' लिहिला की 'क्यो' होतो, आपल्या जोडाक्षरासारखाच. 'का'ला दोन बारीक रेघा दिल्या की 'गा'. काताकानात उच्चार हेच, अक्षरं वेगळी. ती मुख्यतः परदेशी शब्दांसाठी. तिथे कॉफीची 'कोओहिइ' होते.

कांजीत मात्र मराठीचा काही उपयोग नाही. नित्य वापराच्या सरकारी यादीतच २,१३६ चिन्हं आहेत आणि एकाच चिन्हाचे उच्चार अनेक. डोंगराची कांजी एकटी असली की 'यामा', फुजी पर्वताच्या नावात 'सान'. जपानी माणूस 'फुजी-सान' म्हणतो. 'फुजियामा' हा परदेशी लोकांनी केलेला घोळ. म्हणून चिन्हाचे सुटे उच्चार घोकू नका, अख्खा शब्द शिका. वेळ लागेल, तो लागू द्या.

जेएलपीटी देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एन-५ ही तिची सर्वांत सोपी पातळी, पण तिच्या प्रश्नपत्रिकेतही प्रश्न रोमाजीत नसतात. मला हे फॉर्म भरल्यावर कळलं.