‘उदाहरणार्थ’चा विपर्यास

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. साठहून अधिक वर्षे तिच्यावर सातत्याने लिहिले जात आहे. तरीही पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी तिच्यातील पात्रचित्रणाविषयी लिहू लागला की पहिल्याच वाक्यात पांडुरंग सांगवीकर हा ‘साठोत्तरी पिढीचा प्रातिनिधिक नायक’ होऊन बसतो. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी बसून हे वाक्य मी इतक्या हस्ताक्षरांत वाचले आहे की आता ते न वाचताच पुढे जातो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. हे वाक्य त्यांना समीक्षेने पुरवले आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा वाद तिच्याशी आहे.

पांडुरंग स्वतःची ओळख करून देतानाच ‘उदाहरणार्थ’ हा शब्द मध्ये घालतो, हे सर्वांना पाठ आहे. उदाहरण कशाचे, हे मात्र तो सांगत नाही. आधी नियम आणि मग उदाहरण हा तर्काचा क्रम. येथे नियम गाळलेला असून नुसते उदाहरण उरले आहे. शब्दाचा सारा उपरोध या गाळलेल्या जागेत आहे. भाषणे, निबंध, वक्तृत्वस्पर्धा यांतून माणसाला कशाचा तरी दाखला करून टाकणारी जी सुशिक्षित मराठी, तिची ही नक्कल आहे. समीक्षेने काय केले? ती रिकामी जागा भरून टाकली. पांडुरंग कधी पिढीचे उदाहरण झाला, कधी परात्मतेचे, कधी अस्तित्ववादाचे, तर कधी सॅलिंजरच्या होल्डन कॉलफील्डची मराठी आवृत्ती. निवेदक ज्या सवयीची टिंगल करतो तीच सवय समीक्षक त्याच्यावर चालवतात, आणि टिंगल आपलीही झाली आहे याचा त्यांना पत्ता नसतो.

ही चूक केवळ एका शब्दाच्या अर्थाची नव्हे. निवेदन करणारा पंचविशीतला पांडुरंग आणि त्याने सांगितलेला, पुण्याच्या वसतिगृहात वावरणारा पांडुरंग हे दोघे एक नव्हेत. आधीच्याचा उत्साह, त्याची उधळपट्टी, त्याची पदे आणि नंतरची पडझड हे सारे नंतरचा पांडुरंग कोरड्या सुरात सांगतो. या दोघांमधले अंतर हेच ‘कोसला’तील खरे पात्रचित्रण होय. रोजनिशीच्या भागात ते आखडते; इतिहाससंशोधनाच्या विडंबनात हवे तितके ताणले जाते. ‘वगैरे’चे कामही हेच: भावना पुरती उमटण्याआधीच तिला यादीत ढकलून देणे. म्हणून धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू या रचनेत निर्णायक ठरतो. प्रत्येक गोष्ट यादीत घालणाऱ्या माणसासमोर यादीत न बसणारी गोष्ट येऊन पडते आणि निवेदनाची चालच बदलते. लहान मुलीचे मरण कोणत्या पिढीचे प्रतिनिधित्व करते? प्रातिनिधिकतेच्या सिद्धान्ताला या भागाचे काहीच करता येत नाही, म्हणून तो ‘हृदयद्रावक’ म्हणून एका ओळीत उरकला जातो.

यावर एक आक्षेप संभवतो. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या असंख्य तरुणांना पांडुरंग आपला वाटला, त्याचे काय? वाटला, यात शंका नाही. रिसोडहून अमरावतीला किंवा पुण्याला गेलेल्या मुलांनाही वाटतो. पण ओळख पटणे वेगळे आणि प्रतिनिधित्व वेगळे. या मुलांना ओळख पटते ती सुराची. वडिलांच्या पैशाचा हिशेब मनात सलत असताना थट्टेत बोलण्याच्या त्या रीतीची. शिवाय ‘बिढार’ (१९७५) ते ‘झूल’ (१९७९) या चांगदेव-मालिकेत नेमाड्यांनी तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले. सामाजिक पट मोठा करायचा तेव्हा त्यांनी निवेदकच बदलला, याकडे ‘प्रातिनिधिक’वाल्यांनी जरा पाहावे.

हाच रोग आमच्या वऱ्हाडच्या कादंबरीलाही बाधला आहे, आणि तो अधिक बोचतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ ‘कोसला’च्या तीन वर्षे आधीची, १९६०ची. तिच्यावर ‘प्रादेशिक’ अशी चिठ्ठी चिकटवली की निवेदनतंत्राचा प्रश्नच मिटतो. वऱ्हाडी बोली म्हणजे स्थानिक रंग, आणि कौतिक म्हणजे सोशिक ग्रामीण स्त्रीचे प्रतीक. कौतिकची जिद्द, दारिद्र्याशी आणि नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी तिची रोजची झटापट यांतून जी एकच एक बाई उभी राहते ती या प्रतीकात कुठे आहे? पांडुरंगला निदान पिढी तरी मिळाली. कौतिकच्या वाट्याला नुसता प्रदेश आला. तंत्राची चर्चा शहरात शिकलेल्या प्रथमपुरुषी नायकासाठी राखून ठेवायची आणि इतरांच्या नावावर जीवनदर्शन मांडायचे, ही वाटणी कोणी ठरवली?

मागे एका विद्यार्थिनीने ‘कोसला’वरील आपल्या टिपणाच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवला होता: पांडुरंग हे सगळे कोणाला सांगतो आहे? टिपणात तिने प्रातिनिधिक नायकाची ठरलेली दोन पाने इमानाने उतरवली होती. मी ती दोन पाने खोडली आणि समासातल्या ओळीला गुण दिले.