गाठीचे काठिण्य आणि वैद्याचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले आहे. ते गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते. स्पर्शपरीक्षेत आपण आजही हेच पाहतो. अशा पेशीसमूहात कोणती बले कार्य करतात, याचा शोध आता संगणकाच्या साहाय्याने घेतला जात आहे. आय.आय.टी. मुंबई येथेही या विषयावर संशोधन चालते. तेथील प्राध्यापक डॉ. शमिक सेन हे २००६ मधील एका गाजलेल्या शोधनिबंधाचे सहलेखक आहेत. मूलपेशीला मृदू आधार मिळाल्यास ती मज्जापेशीकडे, मध्यम कठीण आधारावर स्नायूकडे आणि अधिक कठीण आधारावर अस्थीकडे झुकते, असे त्यात आढळले.

संगणकीय प्रतिमानात प्रत्येक पेशी बहुकोनी मानतात. तिचे क्षेत्रफळ, कडांवरील ताण व शेजारच्या पेशींशी असलेली चिकटण यांवरून प्रत्येक कोपऱ्यावरील बल काढतात. त्यानुसार कोपरे सरकवून पुन्हा गणित मांडतात. दिंडीच्या दाटीत माणसे कधी खिळून राहतात, कधी वाट काढत पुढे सरकतात. पेशींचेही तसेच घडते, हे यातून दिसते.

हे सारे आपल्या ग्रंथांत पूर्वीच आले आहे, असे म्हणण्याचा मोह आम्हास योग्य वाटत नाही. चरकाचार्यांनी परमाणूंच्या संयोगविभागाचे कारण वायू सांगितले, हे खरे. परंतु साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. प्रतिमानकार आपले गृहीतक उघड मांडतो व प्रयोगाशी ताडून पाहतो. ही शिस्त आपण घ्यावी.

या अभ्यासक्षेत्रातील एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. कर्करोगाची गाठ बोटाला कठीण लागते ती मुख्यतः पेशींभोवतीच्या तंतुमय द्रव्यामुळे. त्यातील पेशी पुष्कळदा निरोगी पेशींहून मऊ असतात. म्हणजे बोट धोक्याची सूचना देते, निदान पूर्ण करीत नाही.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे की, गाठीचे माप व काठिण्य दिनांकासह नोंदवावे. कठीण, स्थिर गाठ किंवा मावा खाऊन आखडलेले तोंड दिसल्यास रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे. गाठीच्या तुकड्याची तपासणी लांबवू नये. औषधालयाच्या चालकांनीही, तपासणीवाचून महिनोन्महिने कांचनार गुग्गुळ नेणाऱ्या ग्राहकास आधी वैद्याकडे धाडावे. एका डबीची विक्री बुडेल. पण वेळ हातची गेली, तर ती कोणत्याही कल्पाने परत मिळत नाही.