सर्वांत मागची सायकल

अलीकडे हिंवाळ्याची चाहूल लागली कीं आमच्या ओळखीच्या पुष्कळ घरांत जेवतांना एक नवा विषय निघूं लागला आहे. घरांतील एखादा मुलगा, पुतणी, क्वचित् धाकटी सूनहि, "आम्ही आठ-दहा जणें सायकलींवर सामान बांधून सह्याद्रींत तीन-चार दिवस हिंडून येणार," असें जाहीर करते. आणि मग वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष रानांतील श्वापदें, घाटांतील वळणें व रस्त्यावरील मोटारी यांचीं नांवें घेऊन नकार देतो, दुसरा पक्ष "आजकालचीं मुलें ऐकतात थोडींच!" असें म्हणून अंग काढून घेतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. अशी सफर धोक्याची कीं बिनधोक, हें बव्हंशीं रानावर अवलंबून नसून मंडळीच्या बांधणीवर अवलंबून असतें. आणि ती बांधणी घरबसल्या, निघण्यापूर्वींच पाहतां येते. म्हणून या महिन्यांत तिच्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

या प्रकाराला हल्लीं बाइकपॅकिंग म्हणतात. नांव नवें असलें, तरी सायकलीवर बिऱ्हाड लादून डोंगर हिंडण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडांत सायकलप्रवाशांचा संघ १८७८ सालींच स्थापन झाला होता. आणि फ्रान्समध्यें 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें लिहिणारे पॉल द विव्ही (१८५३–१९३०) यांनीं शर्यतीपेक्षां देशाटनासाठीं सायकल चालवावी, असा हयातभर प्रचार केला. आजच्या रीतींत फरक एवढाच कीं, मागच्या चाकाच्या दोहों बाजूंस लोंबणाऱ्या थैल्यांऐवजीं सामान लहान लहान पिशव्यांतून सायकलीच्या अंगालगत बांधतात. अंथरूण-पांघरूण हँडलच्या पुढें, जड वस्तु सांगाड्याच्या त्रिकोणांत, आणि कपडे सीटच्या मागें. वजन मध्यभागीं राहिल्यानें खडबडीत वाटेवर सायकल हेलकावे खात नाहीं व अरुंद वाटेवर झुडपांत अडकत नाहीं. पाणी सोडून माणशीं सात-आठ किलोंच्या वर ओझें जाऊं देऊं नये.

गेल्या डिसेंबरांत आम्ही नऊ जणें वाईहून पांचगणी, महाबळेश्वर, तापोळा, बामणोली व कास या मार्गानें साताऱ्यास गेलों. मंडळी चार घरांतील; वयें १७ पासून ६१ पर्यंत; त्यांत तीन स्त्रिया. खुष्कीचा मार्ग सारा मिळून शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर. पहिल्या दिवशीं पसरणीच्या घाटानें चढत महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशीं सुमारें १,३७० मीटर उंचीवरून कोयनेच्या खोऱ्यांत तापोळ्यापर्यंत जवळ जवळ ७०० मीटरांची उतरण. तेथून लाँचनें शिवसागर ओलांडून बामणोली. आणि मग कासचें पठार चढून साताऱ्याकडे उतार. जांभूळ, हिरडा व अंजनी यांचें दाट रान, त्याखालीं कारवीचे उतार, आणि खालीं कोयनेचें पसरलेलें पाणी! धरण झालें तेव्हां याच पाण्याखालीं खोऱ्यांतील शेतें व गांवें गेलीं, हें लाँचमध्यें बसलेल्या प्रवाशानें विसरूं नये.

निघण्यापूर्वीं चारी घरच्या वडीलधाऱ्यांना एके संध्याकाळीं आम्हीं एकत्र बोलाविलें होतें. बहुतेकांनीं बिबळ्या, अस्वल, सर्प यांविषयीं विचारलें. एका घरच्या आजी मात्र सर्वांचें बोलणें संपेपर्यंत गप्प बसल्या होत्या. त्या शेवटीं म्हणाल्या, "जनावरांचें राहूं द्या हो. मागें पडेल त्याच्याकरितां थांबणार कोण, तेवढें सांगा." आमच्या मतें सबंध सफरीचें शास्त्र या एका प्रश्नांत आलें आहे. रानांत माणूस संकटांत सांपडतो तो बहुधा एकटा पडल्यामुळें. आणि एकटा पडतो तो पुढच्यांना वेग आवरत नाहीं म्हणून.

यास्तव पहिला नियम असा कीं, मंडळीची गति सर्वांत सावकाश चालणाऱ्यानें ठरवावी, आणि दिवसाचा हिशेब त्याच गतीनें मांडावा. लादलेली सायकल घाटाच्या चढावर ताशीं ५-६ किलोमीटरांपेक्षां अधिक चालत नाहीं. एका पंक्चराला १५-२० मिनिटें जातात. आणि नऊ सायकली म्हणजे अठरा चाकें. प्रत्येकाचें पाणी पिणें, दम खाणें, चेन बसविणें हें सर्व जमेस धरलें, तर वाई ते महाबळेश्वर हे सुमारें ३२ किलोमीटर सहा तासांचे समजावे. जो तरुण हेंच अंतर एकटा तीन तासांत कापतो, त्यानें आपला हिशेब मंडळीला लावूं नये. संख्याहि सहा ते दहाच्या दरम्यान असावी; अधिक झाल्यास दोन तांडे करावे.

दुसरा नियम दिसण्यांत क्षुल्लक, पण फार मोलाचा आहे. पंप, पाने, जादा ट्यूबा, ठिगळें व औषधांची पेटी हीं सर्वांत मागच्या माणसाजवळ असावीं. बिघाड कोणाचाहि होवो, पिछाडीचा माणूस चालतां चालतां तेथें येऊन पोंचतोच. तेंच सामान पुढें गेलेलें असेल, तर तें आणण्यासाठीं कोणाला तरी घाट पुन्हां उलटा चढावा लागतो. पिछाडीचें हें काम बळकट माणसाचें आहे. तें रोज पाळीपाळीनें द्यावें, म्हणजे कोणास शिक्षा वाटत नाहीं. जेथें वाट फुटते तेथें पुढच्यानें मागचा दृष्टीस पडेपर्यंत थांबावें, त्यानें त्याच्या मागच्यासाठीं. म्हणजे कोणी चुकत नाहीं. उतरणीपूर्वीं माथ्यावर व उतरणीनंतर पायथ्याशीं सर्वांची मोजदाद करावी. उतरतांना दोन सायकलींत निदान २०-३० मीटर अंतर ठेवावें, आणि ब्रेक सतत दाबून न धरतां थांबून थांबून दाबावे. कारण चाकाच्या कडेवर दाबले जाणारे ब्रेक सारखे आवळून धरले, तर कडा तापून ट्यूब फुटण्याची भीति असते. हेल्मेट डोक्यावर असावेंच.

ओझ्याची वांटणी शक्तीप्रमाणें व खर्चाची वांटणी समान, अशी रीति आम्हीं ठेविली. सामाईक भांडीं व दुरुस्तीचें सामान तरुणांकडे. एकसष्ट वर्षांच्या काकांकडे फक्त त्यांचे कपडे व सर्वांचा हिशेब. कांहीं तरुणांना गिअरचा हलका दांता लावणें कमीपणाचें वाटतें. ही समजूत जुनीच आहे. टूर द फ्रान्सच्या शर्यतींत गिअर बदलणाऱ्या यंत्राला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. व्हेलोसिओ मात्र त्याच्या कितीतरी आधींपासून डोंगरांत गिअर वापरावा असें आग्रहानें सांगत होते. हलक्या गिअरमुळेंच काका व पुतण्या एकाच घाटांत एकत्र चढूं शकतात, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे पुरे.

खाण्याविषयीं गृहिणींना आम्ही काय सांगावें! दुधांत भिजविलेल्या दशम्या, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि लाडू यांपुढें बाजारांतील वड्यांची मातब्बरी नाहीं. मात्र तासातासाला थोडें थोडें खावें. भूक लागेपर्यंत थांबलेला माणूस चढावर एकदम गळून जातो. चढाच्या दिवशीं माणशीं तीन लिटर पाणी घ्यावें. घाम फार गेल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें.

आतां रानाविषयीं. कोयना व चांदोली यांचें रान मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. पश्चिम घाटांतील कास, कोयना आदि स्थळें २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं. म्हणजे हें आपल्या सहलीचें अंगण नव्हे. बामणोलीहून वासोट्यास जावयाचें, तर वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. कासच्या पठारावर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे व सारीं फुलें त्यावरच जगतात. तेथें रस्ता सोडून चाक घालूं नये. आग्या मोहोळ दिसल्यास धूर व गलका न करतां निघून जावें. गवे आडवे आले, तर दूर थांबून त्यांना वाट द्यावी. घंटी वाजवूं नये. आणि सूर्यास्तापूर्वीं एक तास सर्व चाकें थांबावीं. हा नियम आम्हीं कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या होत्या.

त्या सहीची कसोटी दुसऱ्याच दिवशीं लागली. त्या रात्रींचा मुक्काम कासजवळ ठरला होता व पैसेहि आगाऊ दिलेले होते. तापोळ्याच्या उतरणीवर दोन पंक्चरें झालीं, एक टायर दगडानें चिरला, आणि बामणोलीस उतरतांना सव्वापांच वाजले. पुढें पांचशें मीटरांहून अधिक चढ. आमच्यांतील एक सूनबाई फार थकल्या होत्या. तरी "माझ्यामुळें थांबूं नका," असें त्या पुन्हां पुन्हां म्हणत होत्या. बावीस वर्षांचा एक तरुण म्हणाला, "पैसे बुडतील. आपण पांच जण पुढें जाऊं. बाकीचे सकाळीं येतील." हिशेबाच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण काकांनीं खिशांतून तो कागद काढून त्याच्या पुढें धरला आणि म्हणाले, "बाळ, सही करतांना ऊन होतें, पण सही संध्याकाळकरितांच होती." आम्ही बामणोलींत एका घरीं ओटीवर राहिलों. घरधन्यानें भाकरी-पिठलें वाढलें, आणि सांगितलें कीं तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. तो तरुण मात्र जेवला न जेवला व रागावूनच झोपला.

सकाळीं पिछाडीची पाळी त्याचीच होती. सूनबाई चढाचा पाऊण भाग सायकल हातीं धरून चालल्या, तरी एकदांहि बसल्या नाहींत. तीन तास तो त्यांच्या मागें होता. पठारावर पोंचल्यावर त्यानें आपण होऊन काकांना सांगितलें, "पुढें असतों तेव्हां वाटतें, मागचीं माणसें वेळ घालवितात. आज मागून पाहिलें, तर कोणीच वेळ घालवीत नव्हतें." पैसे बुडाले ते बुडालेच, पण नऊ जणें निघालों होतों, तीं नऊच्या नऊ दुपारीं साताऱ्यास पोंचलों.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. परत फिरणें ही नामुष्की नव्हे. मुंबईहून १९२३ सालीं सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं हकीम, बापासोला व भूमगरा या तिघांनींच १९२८ सालीं ती पुरी केली. जिवलग मित्रांची मंडळीहि अशी कमी होते. म्हणून प्रत्येक दिवसाच्या वाटेवर एस. टी. किंवा टेंपो कोठें मिळेल हें आधीं पाहून ठेवावें, आणि जो परत फिरेल त्याच्याबरोबर एकानें तरी जावेंच. खोऱ्यांत मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाहीं. तेव्हां निरोप कोठून व कोणत्या वेळीं येईल, आणि कोणत्या दिवशीं मुळींच येणार नाहीं, हें घरीं लिहून द्यावें. तसें न केल्यास एका संध्याकाळच्या मौनानें घरांतील दहा माणसें जागीं राहतात.

सारांश, मुलें परवानगी मागावयास येतील तेव्हां वडिलांनीं पांच प्रश्न विचारावे. सर्वांत मागें कोण राहणार? थांबण्याचा निर्णय कोणाचा? चाकें किती वाजतां थांबणार? मधूनच परतावें लागल्यास वाट कोणती? आणि निरोप केव्हां येईल? त्याबरोबर, हीं सर्व माणसें याच ओझ्यासह निदान दोन रविवार कात्रजच्या जुन्या घाटासारख्या चढावर एकत्र चालवून आलीं आहेत ना, हेंहि पाहावें. उत्तरें नीट मिळालीं, तर आनंदानें दशम्या बांधून द्याव्या. न मिळालीं, तर एकदम नकार न देतां "तयारी पुरी करून पुन्हां या," असें सांगावें. घाटांतली थंडी फेब्रुवारीपर्यंत असते. तोंपर्यंत दोन रविवार सहज निघतात.